टाळ्यांचे माइक आधी लावा

दौऱ्यावर लाइव्ह अल्बम रेकॉर्ड करायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती गिटारच्या कॅबिनेटसमोर (स्पीकरच्या खोक्यासमोर) कोणता माइक लावायचा याची. चार कार्यक्रम रेकॉर्ड करून त्यांतून एक हार्ड रॉक अल्बम बाहेर काढल्यावर आमचं ठाम मत झालं आहे की ती चर्चा सगळ्यात शेवटी करावी. गिटार, ड्रम, गायक या सगळ्यांच्या तोंडाशी माइक असतो. साधासुधा माइक लावला तरी आवाज येतोच. हातातून निसटतो तो समोर उभ्या असलेल्या सात-आठशे माणसांचा आवाज. तो नीट आला नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं की बँड तालमीच्या खोलीत वाजवतोय आणि गाणं संपलं की कुणीतरी टाळ्यांची फाइल चिकटवतोय.

कार्यक्रम असे होते: पहिला ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या बंद सभागृहात, मग पुणे, नाशिक आणि शेवटचा नेरूळला खाडीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात. महिना ऑक्टोबर. गाणी चौदा, वेळ ८५ मिनिटं. दोन गिटार, बेस, ड्रम, एक मुख्य गायक आणि मागे गाणारे दोघं. तालमी वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात झाल्या आणि मिक्सिंगही तिथेच केलं.

रेकॉर्डिंगसाठी वेगळी गाडी, वेगळा कन्सोल (सगळे माइक जोडून आवाज मिसळण्याचं टेबल) हा खर्च परवडणारा नव्हता, आणि आज त्याची गरजही नाही. कार्यक्रमाचा आवाज ज्या डिजिटल कन्सोलवरून चालतो त्याच कन्सोलमधून यूएसबीने बत्तीस चॅनेल लॅपटॉपवर घेता येतात. आम्ही बेहरिंगर एक्स-३२ वापरला. भाड्याने तो कुठेही मिळतो आणि प्रत्येक गावच्या साउंडवाल्याचा हात त्यावर बसलेला असतो. त्यात एक्स-लाइव्ह कार्ड असेल तर तीच बत्तीस चॅनेल एसडी कार्डावरही लिहिली जातात. म्हणजे एकाच वेळी दोन प्रती. कार्डावरची फाइल ४ जीबी झाली की तुटते आणि पुढची सुरू होते. सगळी चॅनेल चालू असतील तर हे साधारण अकरा-बारा मिनिटांनी होतं. तुकडे एकापुढे एक ठेवले की अचूक जुळतात, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण घरी येऊन कॉपी करताना एखादा तुकडा राहून जाऊ शकतो, तेव्हा मोजून घ्यावेत.

जागेचा हिशेब आधीच करून ठेवावा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट खातो. बत्तीस ट्रॅकचे ४.६ मेगाबाइट, तासाला साडेसोळा जीबी. आमचा एक कार्यक्रम साडेतेवीस जीबीचा झाला. साउंडचेकसुद्धा रेकॉर्ड करावा, तो का ते पुढे येईलच. चार गावं मिळून १५० जीबीच्या आत काम झालं. ५०० जीबीची एसएसडी भरपूर होते. जुनी फिरती हार्डडिस्क मात्र सबवूफरच्या शेजारी ठेवू नये, कंपनाने ती लिहिता लिहिता अडखळते. लॅपटॉपचं वायफाय बंद, अपडेट बंद, झोपण्याची सेटिंग बंद, अँटिव्हायरस बंद. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, कन्सोलला नसते. म्हणून कन्सोल आणि स्टेजबॉक्स (स्टेजवरच्या केबल जिथे जोडतात तो डबा) दोन्ही यूपीएसवर हवेत. लाइट अर्धा सेकंद गेली तरी कन्सोल पुन्हा चालू व्हायला वेळ घेतो आणि तेवढं गाणं कायमचं गेलं.

चॅनेलची वाटणी अशी होती. किक ड्रमला (पायाने वाजणारा मोठा ड्रम) दोन माइक, एक आत आणि एक भोकाशी. स्नेअरला (कडक ठोक्याचा छोटा ड्रम) वरून आणि खालून एक-एक. खालच्या माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करावी लागते, नाहीतर दोघांची बेरीज पातळ होते. हायहॅट (पायाने मिटणाऱ्या झांजा) एक, टॉम (बाकीचे ड्रम) तीन, झांजांच्या वर ओव्हरहेड माइकची जोडी. बेसची थेट लाइन आणि कॅबिनेटचा माइक. प्रत्येक गिटारला दोन माइक आणि एक स्वच्छ डीआय (अँपच्या आधीच गिटारमधून थेट घेतलेली लाइन). मुख्य गायक एक, मागचे गाणारे दोन, क्लिक (ड्रमरच्या कानात लय दाखवणारी टिकटिक) आणि ड्रमरची मोजणी एक. हे झाले बावीस. उरलेल्यांपैकी सहा चॅनेल आम्ही फक्त प्रेक्षकांसाठी ठेवले आणि एक गायकाच्या जादा माइकसाठी. बावीसच्या पुढे सहा प्रेक्षकांचे, हे प्रमाण साउंडवाल्यांना विचित्र वाटतं. प्रत्येक गावी तीच सूचना आली: ‘दोन पुरे की.’ दोन पुरत नाहीत.

गेनबद्दल (माइकचा आवाज आत येताना किती वाढवायचा) एक गोष्ट भांडून ठरवावी लागते. यूएसबीला जाणारा आवाज प्रीअँपच्या (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा पहिला टप्पा) लगेच नंतर घ्यायचा, म्हणजे इक्वलायझर, कंप्रेसर, फेडर (पातळीची सरकपट्टी) यांतलं काहीही रेकॉर्डिंगवर येत नाही. पण गेनचा नॉब दोघांना एकच असतो. कार्यक्रम चालू असताना मुख्य कन्सोलवरच्या माणसाने गेन फिरवला तर रेकॉर्डिंगमध्ये आवाज मध्येच उडी मारतो. म्हणून करार एकच: साउंडचेकनंतर गेनला हात नाही, जे करायचं ते फेडरवर. पातळी किती ठेवायची? साउंडचेकला सर्वांत मोठा ठोका उणे १६ डीबीच्या (शून्य ही वरची हद्द, त्यापुढे आवाज फाटतो) आसपास पडला पाहिजे. साउंडचेकला कुणीच पूर्ण जोराने वाजवत नाही. प्रेक्षक समोर आले की ड्रमर तीन ते सहा डीबी वर जातो आणि गायक त्याहूनही. २४ बिटमध्ये खाली जागा मुबलक असते. कमी पातळी नंतर वाढवता येते, फाटलेला स्नेअर शिवता येत नाही. पुण्यात टॉम एकची पातळी उणे आठला लागली होती आणि ‘चालेल’ म्हणून सोडली. दुसऱ्याच गाण्यात क्लिप झाली. तो टॉम मिक्समध्ये नाशिकच्या साउंडचेकमधल्या एकेका ठोक्याने बदलावा लागला. साउंडचेक रेकॉर्ड करायचा तो यासाठी. प्रत्येक ड्रमचे पाच-सहा सुटे, मोकळे ठोके हातात असतात.

आता प्रेक्षकांचे माइक. आम्ही तीन जोड्या लावल्या. पहिली स्टेजच्या पुढच्या काठावर, डाव्या-उजव्या टोकाला, तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ स्टेजकडे. हे माइक मुख्य स्पीकरच्या रेषेच्या किंचित मागे हवेत. कार्डिओइड माइक पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो, त्यामुळे स्पीकरचा मारा कमी आणि माणसांचा आवाज जास्त मिळतो. दुसरी जोडी सभागृहाच्या मध्यावर, लाइटच्या बारवरून खाली सोडलेली, जमिनीपासून साडेतीन-चार मीटर. तिसरी मागच्या भिंतीजवळ किंवा बाल्कनीच्या कठड्यावर. मुख्य कन्सोलजवळ माइक लावण्याचा मोह होतो कारण केबल छोटी पडते, पण तिथे लावू नये. तिथे साउंडवाले, आयोजक, त्यांचे मित्र सतत बोलत असतात आणि ते बोलणं शांत गाण्यात ठळक ऐकू येतं.

उंची महत्त्वाची का, हे एका ठिकाणी ऐकून कळतं. ठाण्यात डाव्या टोकाचा माइक दीड मीटरच्या स्टँडवर होता. त्याच्यासमोर एकच मुलगा आला आणि दीड तास शिट्टी मारत होता. मिक्समध्ये डावीकडे एकच शिट्टी, बाकी आठशे माणसं तिच्या मागे. शिट्टीची ऊर्जा दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि गायकाची स्पष्टताही तिथेच. ती कापावी तर टाळ्या मेल्यासारख्या वाटतात. पुढच्या तिन्ही ठिकाणी पुढचे माइक अडीच मीटर उंच नेले आणि किंचित खाली झुकवले. मग कुणा एकाचा आवाज उठून येत नाही, घोळका येतो. आठ-दहा माणसांपासूनचं अंतर सारखं होणं, एवढंच त्यामागचं कारण.

खरी गंमत वेळेच्या जुळणीत आहे आणि इथेच बहुतेक जण चुकतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला २.९ मिलिसेकंद. मधली जोडी स्पीकरपासून १२ मीटरवर असेल तर तिच्यात स्नेअर ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मागची २२ मीटरवर असेल तर ६४. तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या पुढे कान दोन वेगळे ठोके ऐकायला लागतो. ट्रॅक आहेत तसे मिसळले तर प्रत्येक स्नेअरमागे एक सावली ऐकू येते, ड्रमर ढिला वाजवतोय असं वाटतं आणि गाण्याचा जोर जातो. उपाय साधा. साउंडचेकच्या सुरुवातीला सगळं शांत करून ड्रमरला सांगायचं, ‘दादा, स्नेअर एकदाच मार, मग थांब.’ असं तीन वेळा. रेकॉर्डिंगमध्ये जवळच्या माइकचा ठोका आणि मधल्या जोडीचा ठोका यांतलं अंतर सॅम्पलमध्ये (सेकंदाला ४८,००० असतात) मोजायचं. आमच्या ठाण्याच्या हॉलमध्ये मधल्या जोडीचं १,६७० निघालं, मागच्या जोडीचं ३,०५० च्या आसपास. तेवढा ट्रॅक पुढे, म्हणजे आधी वाजेल असा, सरकवायचा. हॉल तापल्यावर आवाजाचा वेग बदलतो आणि जुळणी बिघडते, अशी शंका काढली जाते. सात अंश फरक पडला तरी २२ मीटरवर एक मिलिसेकंदसुद्धा बदल होत नाही. त्यासाठी वेळ घालवू नये.

मात्र पूर्ण जुळवणंही बरोबर नाही. तिन्ही जोड्या अगदी स्नेअरवर आणून बसवल्या तेव्हा झांजा विचित्र पोकळ व्हायला लागल्या आणि हॉल लहान झाल्यासारखा वाटला. शेवटी पुढची जोडी नेमकी जुळवली, मधली पंधरा मिलिसेकंद मागे ठेवली आणि मागची पंचवीस. हे आकडे कानाने ठरवले. दुसऱ्या हॉलला दुसरे लागतील.

तालावर वाजणाऱ्या टाळ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. दहा मीटरवर उभ्या माणसाला ठोका २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, तो त्या ठोक्यावर टाळी वाजवतो आणि ती टाळी स्टेजच्या काठावरच्या माइकपर्यंत यायला आणखी २९. म्हणजे पुढच्या माइकमध्ये टाळी जवळजवळ ६० मिलिसेकंद मागे पडते. प्रेक्षक बेताल नसतात, आपण त्यांना चुकीच्या जागेवरून ऐकतो. मधल्या जोडीत माणूस आणि माइक शेजारी असतात, त्यामुळे फक्त जाण्याचाच उशीर राहतो, आणि जोडी पूर्ण पुढे सरकवली की तोही निघून जातो. म्हणून जिथे प्रेक्षक तालावर टाळ्या धरतात तेवढ्या भागापुरती मधली जोडी पूर्ण जुळवली, पुढची बंद केली. पाचव्या गाण्यात गिटार थांबते आणि नुसता बेस आणि टाळ्या राहतात. तो तुकडा आधी लंगडत होता, असं केल्यावर हॉलच चालतोय असं वाटायला लागलं.

बाल्कनीत केबल पोचत नाही म्हणून नाशिकला हातातल्या छोट्या रेकॉर्डरवर मागची जोडी घेतली. तसं करायला हरकत नाही, पण त्याचं घड्याळ वेगळं असतं. दोन घड्याळांत दशलक्षात वीस भागांचा फरक असला तरी ८५ मिनिटांनी शंभर मिलिसेकंद होतात. पहिलं गाणं जुळलं म्हणून शेवटचं जुळेल असं नाही. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला कापून पुन्हा जुळवावं लागतं. दोन इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी यंत्रं) एकत्र वापरत असाल तर एकाचं वर्डक्लॉक (घड्याळाचा संकेत) दुसऱ्याला दिलंच पाहिजे, नाहीतर मधूनमधून टिचकी येते.

नेरूळचा कार्यक्रम उघड्यावर होता. तिथे तीन गोष्टी बदलल्या. पहिली वेळ. उघड्यावर लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा असते. ८५ मिनिटांचा सेट असेल तर साडेआठला पहिला ठोका पडलाच पाहिजे, आणि आम्ही सव्वाआठ धरलं. दुसरी वीज. मैदानात जनरेटर येतो आणि एलईडी भिंत, लाइट, आवाज सगळं एकाच जनरेटरवर टाकलं जातं. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजला तर नऊ निघाला; तो दोनच्या आत हवा. गिटारमध्ये ५० हर्ट्झची घरघर आणि तिच्यावर १०० आणि १५० ची चरचर. कारण अर्थिंगचा रॉड कोरड्या भरावात जेमतेम हातभर गेलेला. दुसरा रॉड पूर्ण खोल ठोकला, भोवती मिठाचं पाणी ओतलं, आकडा दोनच्या खाली आला. आवाजासाठी वेगळी फेज घेतली, लाइटच्या डिमरपासून लांब. एवढं करूनही एका गिटारची घरघर राहिली, ती डीआय बॉक्सच्या ग्राउंड लिफ्टने (फक्त सिग्नलच्या केबलचा अर्थ तोडणारं बटण) गेली. अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून घरघर घालवण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. ती कुणीही करू नये. गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माइकवर असतात. त्याच्या अंगातून करंट जायला वाटच उघडी होते.

तिसरी गोष्ट दमट हवा. रात्री साडेआठनंतर खाडीकडून ओल यायला लागते. कंडेन्सर माइकच्या पातळ पडद्यावर आणि त्याच्या मागच्या पट्टीवर विद्युत भार असतो; ओल बसली की तो भार गळतो आणि ‘फुस्स, टक्‌, फुस्स’ असा आवाज येतो, जणू कुणी माइकवर तेल उडवतंय. एसी गाडीतून काढलेला थंड माइक दमट हवेत आला तर हे हमखास होतं. आमची मधली उजवी बाजू सहाव्या गाण्यापासून तीन गाणी अशी तडतडत होती. हेडफोनवर प्रत्येक चॅनेल सुटं ऐकणारा माणूस बसलेला होता म्हणून ते कळलं. लेव्हलच्या दिव्यांवरून कळलं नसतं. तेवढ्यात त्या जागी साधा डायनॅमिक माइक चढवला. डायनॅमिकमध्ये भाराचा प्रश्नच नसतो. त्या तीन गाण्यांना मागच्या जोडीवर भागवलं. आता आमची पद्धत अशी: कंडेन्सर दुपारी तीनलाच बाहेर काढून हवेत ठेवायचे, ४८ व्होल्ट (कंडेन्सरला कन्सोलमधून मिळणारी वीज) चालू ठेवायचे, वर कापडी पिशवी चढवायची आणि रात्री पेटीत सिलिका जेलसकट बंद करायचे. उघड्यावर प्रेक्षकांच्या तीन जोड्यांपैकी एक डायनॅमिकच.

गायकाच्या माइकमध्ये शिरणारा ड्रमचा आवाज हा हार्ड रॉकचा कायमचा शत्रू. गायक बोलत नसतो तेव्हा त्याचा माइक म्हणजे झांजांचा माइक असतो, तोही वाईट झांजांचा. सुपरकार्डिओइड माइक मागच्या बाजूने थोडं घेतो. त्याचं सर्वांत बहिरं क्षेत्र सरळ मागे नसून साधारण १२५ अंशांवर दोन्ही बाजूंना असतं. म्हणून जमिनीवरचा मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) सरळ समोर न ठेवता तिरपा ठेवावा. पुण्यापासून गायकाने कानातले मॉनिटर घेतले आणि फरक लगेच ऐकू आला. ड्रम जितके मागे सरकवता येतील तितके सरकवले, आणि शंभर वॉटची अँप असतील तर आवाज कमी करायला सांगितला. गिटारवाल्यांना ते पटवणं हे दौऱ्यातलं सर्वांत लांबलेलं काम होतं, पण कॅबिनेट गायकाच्या पाठीकडे न तोंड करता किंचित आत वळवली की त्यांनाही स्वतःचं नीट ऐकू येतं आणि ते आपणहून खाली येतात.

कार्यक्रम संपल्यावर जेवायला जायच्या आधी तीन प्रती: लॅपटॉपची एसएसडी, एसडी कार्ड, दुसरी डिस्क. आणि त्या तीन एकाच टेंपोत जात नाहीत. एक बँडबरोबर, एक साहित्याबरोबर, एक खिशात, ट्रेनने. कॉपी झाली म्हणजे झाली असं समजू नये. सुरुवात, मधला भाग आणि शेवट प्रत्येकी तीस सेकंद सगळ्या ट्रॅकवर ऐकून मगच कार्ड पुसायचं.

मग गाणी निवडायची. ब्रिटिश बँड डीप पर्पलने आपला लाइव्ह अल्बम ‘मेड इन जपान’ १९७२ च्या ऑगस्टमध्ये १५ आणि १६ तारखेला ओसाकात आणि १७ ला टोकियोत अशा तीन रात्रींत आठ ट्रॅकच्या यंत्रावर घेतला, साउंड इंजिनिअर मार्टिन बर्च यांच्याकडून. मुळात तो फक्त जपानमध्ये विकायचा होता. तीन रात्री घेण्यातला शहाणपणा आम्हाला काम करताना समजला. एकाच रात्रीचं पूर्ण बरोबर येत नाही, आणि कलावंताला ‘आजच रेकॉर्डिंग आहे’ हे डोक्यात ठेवून वाजवावं लागत नाही. मोटरहेड या बँडच्या १९८१ च्या लाइव्ह अल्बमच्या नावात लंडनमधलं हॅमरस्मिथ आहे, पण रेकॉर्डिंग मुख्यतः लीड्स आणि न्यूकॅसलचं. आमच्या अल्बमवर आम्ही प्रत्येक गाण्यापुढे गाव लिहिलं. आयर्न मेडन या बँडच्या २००९ च्या ‘फ्लाइट ६६६’ मध्ये तसंच आहे, आणि त्यात १ फेब्रुवारी २००८ च्या मुंबईचंही एक गाणं आहे. इथल्या हॉलमधल्या गर्दीला आपलं गाव वाचून वेगळा आनंद होतो.

दोन रात्रींतल्या एकाच गाण्याचे तुकडे जोडता येतात का? ज्या नऊ गाण्यांना ड्रमरच्या कानात क्लिक होती, त्यांत येतात. पाच मोकळ्या गाण्यांत नाही. एक गाणं ठाण्यात मिनिटाला १२८ ठोक्यांवर होतं, नेरूळला १३४ वर. ते आख्खंच एका रात्रीचं घ्यावं लागलं, आणि नेरूळचं घेतलं, कारण धावतं असलं तरी जिवंत होतं.

दुरुस्तीचा प्रश्न इथेच येतो. चौथ्या गाण्याच्या ध्रुवपदात पुण्याला एक शब्द गळला. गाळ्यात तो पुन्हा गाऊन घेतला आणि मिक्समध्ये बसवला तर तो बसेना. जुना, अर्धवट गायलेला शब्द ओव्हरहेडमध्ये आणि प्रेक्षकांच्या सहाही माइकमध्ये शिल्लक होता. नवा शब्द वर, जुना मागे, दोन गायक असल्यासारखं. शेवटी त्याच गाण्याची नाशिकची पूर्ण चार मात्रांची पट्टी, सगळ्या ट्रॅकसकट, उचलून आणली. क्लिक होती म्हणून जमलं. थिन लिझी या बँडच्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’ या अल्बममध्ये स्टुडिओत किती पुन्हा वाजवलं यावर निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी आणि बँड यांचं मत कधीच जुळलं नाही. आमची भूमिका अशी ठरली: हॉलमध्ये जे वाजलं तेच, फक्त रात्र बदलता येईल. गिटारचे स्वच्छ डीआय ट्रॅक घेतलेले होते, त्यांतून अँपचा आवाज नव्याने करता आला असता. एकदाच केलं, नाशिकला एका गिटारचा माइक पडला तेव्हा, आणि तेही त्याच वाजवण्यातून.

मिक्समध्ये प्रेक्षकांना पहिल्यांदा वर घेतलं, मग बाकीचं. म्हणजे पहिल्या फेडरवर हॉल, त्यात ड्रमच्या ओव्हरहेड, मग किक-स्नेअर, मग बेस, गिटार, गायक. उलट्या क्रमाने केलं की हॉल कायम ‘जरासा टाकू’ एवढाच उरतो. सहाही ट्रॅकवर १८० हर्ट्झखालचं कापलं, कारण तिथे फक्त सबवूफरचा गोळा असतो. गाणं चालू असताना हॉल खाली, गाण्याच्या शेवटच्या सुरावर चार ते सहा डीबी वर. हे हाताने करावं. यंत्रावर सोडलं की गायकाच्या श्वासालाही हॉल फुगतो. गावं बदलताना टाळ्यांवर टाळ्या मिसळाव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक गाण्यानंतर आठ-दहा सेकंद निखळ टाळ्या लागतात, आणि गायक लगेच बोलायला लागला तर त्या मिळत नाहीत. पुण्यापासून त्याला एवढंच सांगितलं: शेवटच्या सुरानंतर मनात दहा मोज. रिकाम्या हॉलचा एक मिनिटही घ्यावा. ठाण्यात पंखे होते, नेरूळला जनरेटर. दोन शांतता जोडताना ही पार्श्वभूमी खाली ठेवली नाही तर कट कळतो.

चौदापैकी तीन गाणी इतरांची होती. ती वाजवायला आयोजकाने सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना घेतला होता; अल्बमवर टाकण्याची परवानगी त्यात येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी नुसार दुसऱ्याच्या गाण्याच्या नव्या आवृत्तीसाठी मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं लोटलेली हवीत, आगाऊ पैसे द्यावे लागतात आणि किमान हिशेब दर वर्षी दर गाण्याला ५०,००० प्रतींचा असतो. छोट्या बँडला ते झेपत नाही. तिन्ही वगळली. राहिलेल्या अकरांतून दहा घेतली, एकूण ५८ मिनिटं.

शेवटचं काम फाइल कापण्याचं, आणि ते घाईत बिघडतं. गायकाचं बोलणं पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला न ठेवता मागच्या गाण्याच्या शेवटी ठेवलं, म्हणजे कुणी एकच गाणं लावलं तर ते थेट ड्रमपासून सुरू होतं. ट्रॅकच्या सीमेवर फेड द्यायचा नाही, एक सॅम्पलही गाळायचा नाही. नाहीतर सलग ऐकताना प्रत्येक जोडावर टाळ्यांना खाच पडते. पातळी मोठी करण्याच्या नादी लागलो नाही. स्ट्रीमिंगवर सगळं साधारण उणे १४ लफ्सला (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणलं जातं, आणि दाबून मोठा केलेला लाइव्ह अल्बम तिथे इतरांहून चपटा वाटतो. ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे एक डीबीवर ठेवला. नेरूळच्या शेवटच्या गाण्यानंतर दिवे लागले, लोक निघाले, कुणीतरी पुढच्या माइकजवळून ‘वन्स मोअर’ ओरडत गेलं, आणि मागे जनरेटरचा आवाज राहिला. ते चाळीस सेकंद दहाव्या फाइलच्या शेवटी तसेच ठेवले आहेत.